हिरव्या दिव्याची चुगली

ही गोष्ट २००६ सालच्या मे महिन्यातली. मेट्रो द्वारकेत येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सेक्टरांमध्ये उंच उंच इमारती उभ्या होत्या, पण रस्त्याकडेची झाडं अजून माणसाच्या खांद्यालाही लागत नव्हती. दुपारी सावली हवी असली तर लोक कंपाउंडच्या भिंतीला चिकटून चालत. अशाच एका सेक्टरमध्ये मराठी सरकारी नोकरांनी मिळून बांधलेली ‘कऱ्हाकाठ सोसायटी’ होती. रिक्षावाल्यांना ते नाव काही केल्या उच्चारता येत नसे. ते सरळ ‘मराठीवाली सोसायटी’ म्हणत आणि बरोबर आणून सोडत.

सोसायटीच्या तळमजल्यावर वाचनालय होतं आणि वाचनालयात सगळ्यांनी मिळून घेतलेला एक कॉम्प्युटर होता. बुधवारी सकाळी त्याच्यासमोर बसलेला पुष्कर जोरात ओरडला, “गेलं! परत गेलं!”

“काय गेलं? तुझा वजीर?” मैत्रेयीनं पुस्तकाच्या कपाटाजवळून विचारलं.

“वजीर कसला जातोय! इंटरनेट गेलं यार! तिकडे सांगलीत माझा मावसभाऊ वाट बघत बसला असेल. त्याला वाटणार, मी हरतोय म्हणून पळालो.”

“पण तू हरतच होतास, दादा,” मयुरा म्हणाली. ती पुष्करची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असली तरी बुद्धिबळात त्याला सांभाळून घेत नसे.

तेरा वर्षांची मैत्रेयी खुर्ची ओढून पुष्करशेजारी बसली. तिनं पडद्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडला. कॉम्प्युटरच्या पोटातल्या सगळ्या भागांची तिथे हजेरी लागलेली असते. कीबोर्ड हजर होता, माउस हजर होता, स्पीकर हजर होते. पण ज्या भागात इंटरनेटची वायर खोचलेली असते, तो नेटवर्क अ‍ॅडॅप्टर मात्र यादीत नव्हता. त्याची ओळच नव्हती!

“बिघडला असता तर नावापुढे पिवळं चिन्ह आलं असतं,” ती हळूच म्हणाली. “इथे तर नावच नाही. तो भाग कधी नव्हताच, असं म्हणतोय हा!”

“आणि काल होता!” पुष्करनं डोळे बारीक केले. “सांगतो तुला, ह्यात कुणाचा तरी हात आहे.”

दारात चपलांचा आवाज झाला. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊसाहेब आत आले. मंत्रालयातून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून निवृत्त झाला नव्हता.

“परत बंद? वाटलंच होतं मला! दोनदा खुराणाच्या दुकानात पाठवला. दोन्ही वेळा तिथे व्यवस्थित चालला. इथे आला की एक-दोन दिवसांत पुन्हा तेच. ह्याचा अर्थ काय?”

“काय, आजोबा?” मयुरानं विचारलं.

“अर्थ हा, की इथे कुणीतरी त्याला हात लावतंय! किल्ली कुणाकडे असते? प्रतीककडे!”

प्रतीकदादा हिंगोलीकडचा. मोठ्या सरकारी परीक्षेचा अभ्यास करायला दिल्लीत आलेला. वाचनालयाला लागून असलेल्या लहानशा खोलीत तो राहत असे. भाडं नव्हतं, बदल्यात वाचनालय उघडायचं आणि बंद करायचं. मुलांना तो गणितं सोडवून देई, आणि एखादं गणित त्यालाही आलं नाही तर मोकळेपणी हसत असे.

“पण दादा असं कशाला करेल?” मैत्रेयीनं विचारलं.

“कशाला? लोक इथे येतात, गप्पा मारतात, अमेरिकेतल्या मुलांशी मोठमोठ्यानं बोलतात. त्याचा अभ्यास होत नाही. गेल्या महिन्यात त्यानंच मला सांगितलं, आवाजाचा त्रास होतो म्हणून. ती ‘शांतता राखा’ पाटी कुणी लावली? त्यानंच! इंटरनेट बंद, तर माणसं बंद. रविवारी मीटिंग आहे. त्याला खोली खाली करायला सांगणार आहे मी.”

आणि भाऊसाहेब आले तसे निघून गेले.

“खोली गेली तर दादाला हिंगोलीला परत जावं लागेल,” मैत्रेयी म्हणाली. “भाडं द्यायला त्याच्याकडे कुठून येणार? परीक्षाच राहील त्याची.”

“पण भाऊसाहेब आजोबांचं म्हणणं चुकीचं कशावरून?” पुष्कर म्हणाला. “कारणही आहे, किल्लीही आहे.”

“तू गप्प बस! तुझा खुराणाजींवर का नाही संशय? दर वेळी नवीन मदरबोर्ड घ्या म्हणून मागे लागतात ते!”

“चलो, मग दोघांवरही ठेवू,” पुष्करनं तडजोड केली.

मयुरा तेवढ्यात घरी पळाली आणि आईच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. कॉम्प्युटरच्या खोक्याची बाजूची पत्र्याची झाकणं जिथे मिळतात, तिथे तिनं एक लाल टिकली अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी चिकटवली. वरून नखानं घट्ट दाबली.

“आता कुणी उघडलं की टिकली निघणार!”

“वा! ही कल्पना मलाच सुचणार होती,” पुष्कर म्हणाला.

“तुला नेहमी नंतरच सुचतं, दादा.”

गुरुवारी सकाळी तिघं धावत आली. टिकली जागच्या जागी होती. कॉम्प्युटर सुरू केला, आणि नेटवर्क अ‍ॅडॅप्टर हजर! जणू कुठे गेलाच नव्हता. पुष्करनं राहिलेला डाव पुढे खेळला आणि हरला.

त्या दिवशी संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या वेळी तिघं मेंदीच्या कुंपणाआड दडली. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. प्रतीकदादानं वर्तमानपत्रांची चळत लावली, पंखे बंद केले. मग कॉम्प्युटर नीट, पद्धतशीर बंद केला. पडदा काळा झाल्याची खात्री केली. त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तो आपल्या खोलीत गेला.

“बघितलंस? काही केलं नाही त्यानं!” मैत्रेयी कुजबुजली.

“उद्या बघू,” पुष्कर म्हणाला. “अरे, मला डास चावतोय!”

शुक्रवारी सकाळी टिकली तशीच होती. पण नेटवर्क अ‍ॅडॅप्टर गायब!

मैत्रेयीचं तोंड उतरलं. पुष्कर बोटं मोजू लागला. “सोमवार, बुधवार, शुक्रवार दादा क्लासला जातो. त्या दिवशी वाचनालय कोण बंद करतं? कुसुमावती आजी. दुसऱ्या दिवशी चालतं. बाकीचे दिवस दादा बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी हे असं! मैत्रेयी, सॉरी यार. पण दर वेळी दादाच.”

“दर वेळी नाही!” मैत्रेयी एकदम म्हणाली. “गेल्या आठवड्यातला शुक्रवार आठव. गुरुवारी दादानंच बंद केलं होतं. आणि शुक्रवारी चाललं होतं! माझ्या आईनं इथूनच पुण्याची तिकिटं बघितली होती.”

“गुरुवारी…” पुष्कर आठवू लागला. “म्हणजे ट्रान्सफॉर्मर उडाला तो दिवस? सगळे गच्चीवर झोपलो होतो तो?”

“हो, तोच. बत्ती पहाटे आली.”

“त्याचा काय संबंध?”

“माहीत नाही. पण तू ‘दर वेळी’ म्हणालास, ते खोटं निघालं!”

मयुरा इतका वेळ पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, “तुम्ही दोघं दादाचंच बोलताय. कुसुमावती आजीवर का नाही संशय? त्या बंद करताना आधी दाराबाहेर बघतात. मग टेबलाखाली शिरतात. मी बघितलंय.”

“आजी? टेबलाखाली?” दोघं एकदमच म्हणाली.

कुसुमावती आजी पहिल्या मजल्यावर राहत. यजमान केंद्र सरकारात होते, त्यामुळे निम्मं आयुष्य लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेलं. आवाज मऊ, पावलं हलकी. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे देवघरातल्या समईवर घेण्यासारखं होतं. पण आता कुणालाच सोडून चालणार नव्हतं!

संध्याकाळी प्रतीकदादा क्लासला गेला. मुलं कुंपणाआड बसली. आजींनी कॉम्प्युटर बंद केला, पदर खोचला. मग खरंच दाराशी येऊन डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि गुडघ्यावर हात ठेवत टेबलाखाली वाकल्या.

“चला!” मैत्रेयी म्हणाली, आणि तिघं आत घुसली. सगळ्यांत आधी पोचली मयुरा. ती सरळ टेबलाखाली आजींच्या शेजारीच जाऊन बसली.

“अगं बाई!” आजी दचकल्या. त्यांचा हात यूपीएसच्या बटणावर होता. बत्ती गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारं ते काळं खोकं टेबलाखाली असे. “हळू बोला! आणि भाऊसाहेबांना सांगाल तर याद राखा.”

“काय करताय तुम्ही आजी?”

“बटणं बंद करतेय, दुसरं काय! आधी हे खोकं, मग भिंतीवरचं.” आजींनी वर भिंतीकडे बोट केलं. तिथे भाऊसाहेबांच्या ठसठशीत अक्षरातली सूचना चिकटवलेली होती: ‘यूपीएस कधीही बंद करू नये. बॅटरी उतरते. हुकुमावरून, सेक्रेटरी.’

“तो हुकूम आहे ना!” पुष्कर म्हणाला.

“असेना. लक्ष्मीबाई नगरला असताना एकदा इस्त्रीचं बटण चालू राहिलं आणि आम्ही सगळे कनॉट प्लेसला. परत आलो तो पडदा जळून खाक. तेव्हापासून एकही बटण चालू ठेवून मी खोलीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. भाऊसाहेबांशी वाद कोण घालणार? म्हणून गुपचूप करते. सकाळी फिरायला निघाले की प्रतीककडून किल्ली घेऊन परत चालू करते. झालं समाधान? सरक गं मयुरा.”

आजींनी बटण दाबलं. टक्! मग भिंतीवरचं. टक्!

“आजी!” टेबलाखालून मयुराचा आवाज आला. “तुम्ही दिवा विझवलात!”

“कुठला दिवा?”

“हा मागचा. इंटरनेटची वायर खोचलीय ना, तिथे छोटा हिरवा दिवा आहे. आत्ता चालू होता. तुम्ही टक् केलंत आणि विझला.”

मैत्रेयी जमिनीवर बसली. “थांब. पण कॉम्प्युटर तर आजींनी आधीच बंद केला होता. मग बंद कॉम्प्युटरला दिवा कसा?”

मग मैत्रेयीनं भराभर विचारायला सुरुवात केली. “पुष्कर, यूपीएस कधी आणलं?”

“एप्रिलमध्ये. भाऊसाहेब आजोबांनी मीटिंगमध्ये भांडून घेतलं होतं.”

“आणि नेटवर्क गायब व्हायला कधी लागलं?”

“एप्रिलमध्येच!” पुष्कर ओरडला. “त्याआधी सगळे भिंतीवरचंच बटण बंद करायचे!”

“म्हणजे कॉम्प्युटर पडद्यावरून बंद केला तरी आतून थोडासा जागाच राहतो. त्या भागाला वीज मिळतच असते. रात्रभर तो अर्धा झोपेत, अर्धा जागा. सकाळी कधी नीट जागा होतो, कधी तसाच अडकून पडतो, आणि मग हजेरीला ‘येस सर’ म्हणत नाही! पण पूर्ण वीज तोडली की…”

“…गाढ झोपतो आणि सकाळी टुणकन उठतो!” मयुरानं वाक्य पुरं केलं.

“आणि ट्रान्सफॉर्मर उडाला त्या रात्री यूपीएसची बॅटरीच संपली,” पुष्कर म्हणाला. “म्हणून दादानं बंद करूनही चाललं! आणि खुराणाजींच्या दुकानात न्यायचं म्हणजे आधी प्लग काढायचा! तिथे तो चालणारच! बाप रे, खुराणाजी त्याला नेतानाच बरा करत होते, आणि त्यांना पत्ताच नाही!”

आजी मात्र विचारात पडल्या होत्या. “म्हणजे पोरांनो, प्रतीक हुकूम पाळतो म्हणून तो चोर. आणि मी मोडते म्हणून मी साळसूद?”

“साळसूद म्हणजे?” मयुरानं विचारलं.

“तुझ्या दादाकडे बघ. चेहरा साधा आणि डोक्यात भलतंच. त्याला म्हणतात.”

“आपण आत्ताच भाऊसाहेबांना सांगू!” पुष्कर उठलाच.

“नको,” मैत्रेयीनं त्याला खाली ओढलं. “ते म्हणतील, मुलांनी दादाला वाचवायला गोष्ट रचली. सांगून पटणार नाही त्यांना. त्यांनाच करायला लावायचं!”

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर उत्तम चालला. मैत्रेयी वेण्या नीट बांधून भाऊसाहेबांच्या घरी गेली.

“आजोबा, उद्या मीटिंग आहे. आज रात्री किल्ली तुम्हीच ठेवा ना! वाचनालय पण तुम्हीच बंद करा. म्हणजे प्रतीकदादाला काही करताच येणार नाही.”

“शाबास!” भाऊसाहेब खूश झाले. “बघा, एवढीशी पोर, पण डोकं कसं चालतं! उद्या सगळ्यांसमोर नेट चालू असलेलं दाखवतो. म्हणजे सिद्धच झालं, की किल्ली त्याच्याकडे नसली की नेट जात नाही!”

संध्याकाळी भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर स्वतः बंद केला. यूपीएस चालू असल्याची खात्री केली. कुलूप तीनदा ओढून बघितलं. प्रतीकदादा आपल्या खोलीच्या दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या मागे, पलंगावर, अर्धी भरलेली पिशवी होती.

मैत्रेयीला त्या रात्री जेवण गेलं नाही. कारण एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. तो भाग दर वेळी अडकेलच असं थोडंच होतं? नेमका उद्याच तो शहाण्यासारखा जागा झाला तर?

रविवारी सगळे वाचनालयाच्या दारात जमले. खुराणाजी नवा मदरबोर्ड घेऊन आले होते. भाऊसाहेबांनी सगळ्यांना दाखवून किल्ली काढली, कुलूप उघडलं. वाचनालय भरलं, खुर्च्या कमी पडल्या. मग त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला.

“बघा आता! काल रात्रभर किल्ली माझ्या उशाखाली होती.”

पडदा उजळला. भाऊसाहेबांनी माउस हलवला. मग परत हलवला. मग चष्मा पुसला.

“हे… हे काय?”

मैत्रेयीनं पुढे होऊन डिव्हाइस मॅनेजर उघडला. “नेटवर्क अ‍ॅडॅप्टर नाही, आजोबा. ओळच नाही.”

“पण किल्ली तर माझ्याकडे होती!”

“हो ना,” पुष्कर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “कुलूप तुम्ही लावलं, तुम्हीच उघडलं. मग आजोबा, ह्यात हात कुणाचा?”

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं वाचनालय हसलं. भाऊसाहेबांचे कान लाल झाले.

“खुराणाजी,” मैत्रेयी वळली, “ये टिकली देखिए. डिब्बा खुला है?”

“नहीं जी, सील पक्की है,” खुराणाजींनी वाकून बघितलं.

“मयुरा, दाखव!”

मयुरा टेबलाखाली शिरली. पुष्करनं कॉम्प्युटर बंद केला. “सगळ्यांनी खोक्याच्या मागे बघा! बंद झाला ना? तरी हिरवा दिवा चालू!” टक्! यूपीएस बंद. टक्! भिंतीवरचं बटण बंद. वीज नसतानाही मयुरानं कॉम्प्युटरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत उरलीसुरली वीजही निघून जावी. दिवा विझला. मग सगळं पुन्हा चालू केलं.

पडदा उजळला. यादी उघडली. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर हजर!

खुराणाजींनी कपाळावर हात मारला. “ओहो! स्टैंडबाई करंट! बेटा, मैं तो हर बार प्लग निकाल के ही ले जाता था!” आणि त्यांनी नवा मदरबोर्ड हळूच परत पिशवीत सरकवला.

“म्हणजे दोष कुणाचा?” कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या सूचनेकडे गेल्या. कुसुमावती आजी उठल्या. “भाऊसाहेब, तुमचा हुकूम मी एप्रिलपासून मोडतेय. बटणं बंद करते. म्हणून माझ्या दिवशी नेट चालायचं. प्रतीकनं तुमचा शब्द पाळला. त्याबद्दल त्याला घराबाहेर काढणार होतात. आता काढायचं तर मला काढा.”

भाऊसाहेब उभेच होते. मग ते भिंतीपाशी गेले, आपल्याच हातानं लिहिलेली सूचना त्यांनी सोडवून घेतली, चार घड्या करून खिशात ठेवली.

“प्रतीक,” ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “पिशवी रिकामी कर. चूक माझी होती. मी तपास केला नाही, नुसता संशय घेतला. तपास ह्या पोरांनी केला.” मग घसा साफ करून त्यांनी नेहमीचा आवाज काढला, “ह्या तिघांसाठी टाळ्या! आणि रसमलाई माझ्याकडून!”

“मला दोन,” टेबलाखालून आवाज आला. “दिवा मी बघितला.”

प्रतीकदादा हसायला गेला आणि त्याला पटकन खिडकीबाहेर बघावं लागलं.

पुढच्या वर्षी खुराणाजींनी कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ती अर्धवट जाग कायमची घालवली. पण बटणं बंद करायची सवय कऱ्हाकाठला लागली ती लागलीच. भाऊसाहेब आणखी नऊ वर्षं सेक्रेटरी राहिले. कुठलीही तक्रार आली की आधी विचारत, “हे पहिल्यांदा कधी झालं?” ते गेल्यावर त्यांच्या पाकिटात चार घड्यांची ती सूचना सापडली. खुराणाजींच्या दुकानात आता मोबाइल मिळतात. प्रतीकदादा ती परीक्षा दोनदा द्यायला बसला, पास झाला नाही. आज हिंगोलीत त्याची अभ्यासिका आहे. तिथे ‘शांतता राखा’ पाटी आहे आणि गावातली सगळी पोरं तिच्याखाली बसून कलकलाट करतात. मैत्रेयी वकील झाली. समोरचा ‘दर वेळी’ म्हणाला की तिचे डोळे चमकतात. पुष्कर कॉम्प्युटरवाला होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो नाशिकला गुरांचा डॉक्टर आहे आणि मावसभावाकडून अजून हरतो.

कुसुमावती आजी थंडीतल्या एका सकाळी शांतपणे गेल्या. घरातली सगळी बटणं बंद होती.

आणि मयुरा? गुडगावच्या मोठ्या कंपनीत ती शेकडो कॉम्प्युटरांचं नेटवर्क सांभाळते. तिच्या हाताखालच्या मुलांना तिची एक सवय विचित्र वाटते. काही बिघडलं की मॅडम पडद्याकडे बघत नाहीत. आधी सरळ टेबलाखाली शिरतात.